माझे पहिले दोन इंच

मी एक जुनी टेप आहे, मित्रांनो. गाणी वाजवणारी नव्हे, मापं घेणारी. शिवणकाम करणाऱ्यांच्या गळ्यात लोंबते ती. रंगाने पिवळी, लांबीला साठ इंच, दोन्ही टोकांना पत्र्याच्या चकचकीत टोप्या. म्हणजे एकेकाळी साठ इंच. मधली काही वर्षं मी अठ्ठावन्न इंचांची होते आणि ही गोष्ट घरात दोघांनाच ठाऊक होती: एक मी, दुसरी एक बकरी. तिसरा एक माणूस होता, पण तो विसरल्याचं सोंग करत होता.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही, कारण तेव्हा मी गुंडाळलेली होते. डोळे उघडले तेव्हा मी अमरावतीला जवाहर गेटजवळच्या एका दुकानात, बटणांच्या बरणीशेजारी पडले होते. तिथून मला वलगावच्या वच्छलाने उचललं. वच्छला नवी नवरी होती, शिवणाचा क्लास करून आली होती आणि माप घेताना जीभ दातांत धरायची. ती सवय तिची अजून गेलेली नाही. तिच्या गळ्यात मी बारा वर्षं राहिले. अर्ध्या वलगावच्या ब्लाउजांचं माप माझ्या अंगावरून गेलं आहे. कोणाचं लग्न ठरलं, कोणाचं अंग वाढलं, कोण माप देताना श्वास आत ओढून उभी राहते, हे सगळं मला माहीत असायचं. पण मी एका शब्दाने कधी कोणाला सांगितलं नाही. आमच्या धंद्यात तोंड बंद ठेवावं लागतं.

त्या बारा वर्षांत वच्छलाचा अंगठा रोज माझ्या सुरुवातीच्या आकड्यांवर दाबला जायचा. त्यामुळे एकपासून पाचपर्यंतचे आकडे आणि त्यांच्या रेघा पार पुसून गेल्या. मागच्या बाजूचे सेंटिमीटर तर त्याआधीच गेले होते. मला त्याचं काही वाटत नव्हतं. वच्छलाला मी पाठ होते. पुढे हीच गोष्ट माझ्या मुळावर आली.

मित्रांनो, माझ्या आयुष्यात बकऱ्या आल्या त्या पाच दिवसांच्या प्रशिक्षणामुळे. वच्छला अमरावतीला बकरीपालन शिकायला गेली. त्या घरातून असलं काही शिकायला बाहेर पडलेली ती पहिलीच. तिथे रागिणी मॅडम नावाच्या जनावरांच्या डॉक्टर होत्या. त्यांनी सांगितलं की दुधाची बकरी चेहऱ्यावरून निवडायची नसते, बांध्यावरून निवडायची असते. छाती रुंद हवी, आत काळीज-फुप्फुसांना जागा लागते. पाठ सरळ हवी. मागच्या दोन पायांत मोकळं अंतर हवं, कारण कास तिथेच मावते. कास पोटाला घट्ट धरलेली हवी, पिशवीसारखी लोंबती नको. दोन्ही सड सारखे आणि सरळ खाली हवेत. आज दूध किती देते एवढंच पाहू नका, पाचव्या वेताला, म्हणजे पाचव्या बाळंतपणालाही ती कास जमिनीला लागणार नाही ना, हे पाहा. आणि डोळ्यांवर विसंबू नका, मोजा.

मोजा म्हटल्यावर वच्छलाने घरी येऊन काय केलं असेल? मला गळ्यातून काढलं आणि थेट बकरीच्या छातीभोवती गुंडाळलं.

मी काय सांगू तुम्हाला! काल संध्याकाळी जिने एका मास्तरणीच्या रेशमी ब्लाउजचं माप घेतलं होतं, ती मी आज सकाळी लेंड्यांत लोळत होते. मला रडू आलं. पण टेपला रडता येत नाही, ती फक्त पीळ खाते. मी पीळ खाल्ला. वच्छलाने तो शांतपणे सोडवला आणि ब्लाउजच्या मापांच्या वहीतच पुढच्या पानावर लिहिलं: छाती अमुक, पोट अमुक, मागचं अंतर अमुक.

त्या वहीनेच पहिला घोटाळा केला. शेजारच्या सुंदराबाई माप द्यायला आल्या होत्या. त्यांनी सहज पान उलटलं आणि त्या थबकल्या.

"काय वो वच्छला, हे कोन बाई हाये? छातीपरस पोट मोठं?"

"थे बकरी हाये, काकू."

सुंदराबाईंनी आधी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हंजे ज्या टेपनं बकरी मोजते, थेच टेप मले लावून राह्यली तू?"

दुसऱ्याच दिवशी ब्लाउजांसाठी नवी गुलाबी टेप आली आणि माझी कायमची बदली गोठ्यात झाली. गोठ्यात एका खुंटीवर मी टांगली गेले. नोकरीत माणसाला आडबाजूला टाकतात तेव्हा त्याला कसं वाटतं, ते मला विचारा.

आता या घरातली दुसरी मोजणारी सांगते. वच्छलाची सासू, जाईबाई. त्यांना टेप लागत नाही. त्यांच्याकडे वीत आहे. उजवा हात ताणला की अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत जे अंतर होतं, त्यावर त्यांनी आयुष्य काढलं. मेथीचे वाफे वितीने, गोधडी वितीने, नातीची उंची वितीने. बकरी मात्र त्या तोंड पाहून निवडायच्या. कान लांब, नाक सरळ, चाल ऐटदार, कपाळावर चांद असेल तर उत्तमच. वच्छला मला बकरीभोवती गुंडाळायला लागली की जाईबाई मुद्दाम येऊन शेजारी वीत मारायच्या आणि म्हणायच्या, "तुयी टेप खोटी बोलते."

"टेप कशी खोटी बोलीन, आत्याबाई?"

"मले काय माहीत? पन बोलते."

मित्रांनो, मला तेव्हा त्या बाईंचा फार राग यायचा. कारण त्या खरं बोलत होत्या.

झालं होतं असं. वच्छलाचे यजमान देवानंद वलगाव ते अमरावती ऑटो चालवतात. एकदा वच्छला करडांची मापं घेत होती आणि मध्येच तिला गिऱ्हाईक आलं. "हे धरा जरा," म्हणून तिने मला देवानंदच्या हातात दिलं. देवानंदच्या हातात मी असताना त्याच्या खिशातला फोन वाजला. त्याने मला गव्हाणीच्या काठावर ठेवलं आणि तो बोलत बोलत रस्त्यावर गेला. गव्हाणीशेजारी दीड महिन्याचं एक मादी करडू उभं होतं. तोंड वाकडं, एकच शिंग उगवलेलं, दुसऱ्याच्या जागी नुसता फोड. त्याने मला हुंगलं. मग माझी पत्र्याची टोपी तोंडात घेतली, ती आवडली नाही म्हणून थुंकली, आणि तिच्यामागचे माझे पहिले दोन इंच करकर चावून गिळून टाकले.

देवानंद परत आला तेव्हा ते करडू रवंथ करत होतं आणि मी लाळेत भिजून पडले होते. त्याने चारीकडे पाहिलं. वच्छला अजून आत होती. त्याने टोपी शोधली, मला धुतलं, माझं चावलेलं टोक कात्रीने सरळ कापलं, आणि वच्छला गिऱ्हाइकाला पोचवायला फाटकापर्यंत गेली तेवढ्यात तिच्याच मशीनवर ते टोक दुमडून शिवून त्यावर टोपी पकडीने दाबून बसवली. काम इतकं सुबक झालं होतं की मी स्वतःच चकित झाले. शिंपिणीच्या नवऱ्याला एवढं तरी येणारच. पुढचे आकडे आधीच पुसलेले, त्यामुळे कोणाला काही कळलं नाही. त्या दिवसापासून मी ज्याला त्याला दोन इंच जास्त सांगू लागले. मला थांबवता येत नव्हतं. माझ्या अंगावर जिथे दहा लिहिलंय तिथे आता आठच इंच होते, पण लिहिलेलं तर दहाच वाचलं जाणार ना!

त्या करडाचं नाव पडलं एकशिंगी. ती गोठ्यात माझ्या खुंटीखालीच वाढली आणि मोठी होताना रोज माझ्याकडे बघायची. तिच्या मनात काय होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. माझा तिच्यावरचा राग तुम्ही समजू शकता.

एकशिंगीच्याच वयाची दुसरी होती शेवंता. कपाळावर चांद, कान लोंबते, चाल अशी की रस्त्यावरची माणसं थांबून बघत. जाईबाईंचा जीव की प्राण. दोघींचं पहिलं वेत एकाच आठवड्यात झालं आणि दूधही जवळपास सारखंच निघालं. शेवंताचं कपभर जास्तच. पण गोठ्यात दावणी चार. तिघी जुन्या बकऱ्या तीन दावणींवर. चौथ्या दावणीवर या दोघींपैकी एकच राहणार आणि दुसरी विकली जाणार, हे ठरलेलं होतं. जाईबाईंच्या सासऱ्यांच्या वेळेपासून त्या घरात पाचवी दावण ठोकलेली नाही, कारण चारा तेवढ्यांनाच पुरतो.

"शेवंता राहीन," जाईबाई म्हणाल्या. "दूध सारखंच हाये तं मंग देखनी काहून इकाची?"

"आत्याबाई, तिची कास पाहा न. आतापासूनच लोंबून राह्यली. मांगचे पाय एकमेकाले घासतात. तिसऱ्या येताले कास काट्यानं फाटते का नाई पाहा. एकशिंगीची कास पाहा, कशी वर धरून हाये. छाती दोन इंचानं जास्त, मांगचं अंतर दोन इंचानं जास्त."

"अन् तोंड? सकाऊन उठून थे तोंड पाहाचं?"

"दूध काय तोंडातून येते, आत्याबाई?"

हे भांडण रोज व्हायचं. वच्छलासाठी ते नुसतं एका बकरीचं भांडण नव्हतं. प्रशिक्षणाला जाताना घरच्यांनी, शेजाऱ्यांनी तिची भरपूर थट्टा केली होती. बकरी राखायला कोणी शाळेत जातं का, म्हणून. एकशिंगी विकली गेली असती तर ते पाच दिवस, ती वही, ते शिकणं सगळंच त्या दारातून बाहेर गेलं असतं.

शेवटी जाईबाईंनीच तोड काढली. कार्तिकात कौंडण्यपूरच्या जत्रेत त्या वर्षी जनावरांचं प्रदर्शन भरणार होतं आणि दुधाच्या बकऱ्या तपासायला रागिणी मॅडमच येणार होत्या. "ने तुया एकशिंगीले," जाईबाई म्हणाल्या. "नंबर आला तं राहीन. नाई आला तं तिथूनच इकून येऊ. अन् ते टेप मी चुलीत घालीन."

मित्रांनो, माझी अवस्था पाहा. जिने मला खाल्लं, तिच्याच जिंकण्यावर आता माझा जीव टांगला होता.

वच्छलाने फॉर्म भरला. छाती बत्तीस इंच, मागच्या पायांतलं अंतर आठ इंच, सगळं वहीतून उतरवून मोबाइलवरून पाठवून दिलं. मी खुंटीवरून ओरडत होते, "दोन कमी कर, वच्छला! दोन कमी!" पण टेपचं ओरडणं कोण ऐकणार?

मला वाचवलं ते सुंदराबाईंनी, आणि तेही भांडायला येऊन.

जत्रेसाठी त्यांनी राणी कलरचं कापड आणलं होतं. नेमकी तेव्हा गुलाबी टेप घरात नव्हती. वच्छलाची लेक मोनाली ती अमरावतीला क्लासला घेऊन गेली होती. वच्छलाने गुपचूप मला खुंटीवरून काढलं, दोनदा साबणाने धुतलं, पावडर लावली आणि सुंदराबाईंच्या छातीभोवती गुंडाळलं. दोन वर्षांनी माणसाचा स्पर्श! मला भरून आलं.

"अडतीस," वच्छला म्हणाली.

"अडतीस? मागच्या दिवाईले छत्तीस होती न मी!" सुंदराबाईंचा चेहरा पडला. त्यांनी त्या संध्याकाळपासून भात सोडला. माझ्या मनाला फार लागलं ते.

आता ब्लाउज कापताना कापडाची घडी घालतात हे तुम्हाला माहीत असेल. पुढचा भाग घडीवर, मागचा भाग घडीवर, मिळून छातीचे चार हिस्से. वच्छलाने प्रत्येक हिस्सा माझ्यावर मोजला आणि मी प्रत्येक हिश्श्यात दोन इंच खाल्ले. माप घेताना दोन इंच वाढवले होते खरे, पण कापताना आठ गेले. बाह्यांचंही तेच झालं.

जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारी सुंदराबाई आल्या त्या अंगाभोवती पदर घट्ट गुंडाळून, दोन्ही कोपर बरगड्यांना चिकटवून, लहान लहान पावलं टाकत. ब्लाउज कोपरापर्यंत चढला होता आणि तिथे अडकला होता. पुढे जात नव्हता, मागे येत नव्हता.

"काढ मले याच्यातून!" त्या ओरडल्या. "आठ दिवस भात नाई खाल्ला मी! तरी हे हाल!"

वच्छला आणि जाईबाई दोघींनी मिळून ओढलं, शेवटी शिवण उसवून त्यांना मोकळं केलं. सुंदराबाईंनी श्वास घेतला आणि तो घेताना त्यांचं नाक आक्रसलं. त्यांनी ब्लाउज हुंगला.

"हे बकरीची टेप लावली व्हती न तू?"

वच्छलाने मान खाली घातली. पण तिचं लक्ष आता त्यांच्याकडे नव्हतं, माझ्याकडे होतं. तिच्या हातचा ब्लाउज आजवर कधी असा फसला नव्हता. जाईबाईंनी आपला उजवा हात ओट्यावर ताणून ठेवला.

"लाव इथं तुयी टेप. मायी वीत आठ इंचाची हाये. मास्तरानं शाळेच्या पट्टीनं मोजली व्हती."

वच्छलाने माझं टोक त्यांच्या अंगठ्यावर ठेवलं. करंगळी आली दहावर.

वच्छलाने सहाच्या आकड्यावरून मागे मागे बोटाने अंतर मोजलं, टोपी नखाने उचकटून पाहिली, दुमडलेली शिवण पाहिली. शिवण तिच्याच मशीनची होती. अंगणात देवानंद ऑटोचा आरसा पुसत होता. तो आरसा आधीच स्वच्छ होता, तरी तो पुसत होता.

"आवो," वच्छला म्हणाली, "हे कवा झालं?"

"काय?"

"तुमाले माहीत हाये काय."

देवानंदने आरसा सोडला. "एकशिंगी लहान व्हती तवा. तिनं खाल्ली. मी म्हनलं, तू चिडशीन. दोनच इंच तं व्हते."

"दोनच इंच! दोन वर्षं झाले मी खोटे माप लिवून राह्यली! फारम पाठवला मी!" वच्छला मटकन खाली बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "उद्या मॅडम मोजतीन अन् म्हनतीन, हे मायी शिकवेल बाई."

जाईबाई खूश होतील असं मला वाटलं होतं, आणि त्या झाल्याच. "मी सांगत व्हती," त्या म्हणाल्या. "चुलीत घाल थे टेप."

वच्छलाने मला उचललं. मी डोळे मिटले. पण तिने मला चुलीत घातलं नाही. गुंडाळून कमरेला खोचलं आणि उठून एकशिंगीच्या पायाचे खूर साफ करायला घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही निघालो. देवानंद पुढे, मागच्या सीटवर वच्छला आणि जाईबाई, त्यांच्या पायांशी एकशिंगी. एकशिंगीने अमरावतीपर्यंत सीटच्या रेक्झिनचा एक कोपरा संपवला. देवानंदने आरशातून पाहिलं, पण त्या दिवशी त्याला कशावरच बोलायची सोय नव्हती.

मैदानात बकऱ्याच बकऱ्या होत्या. एक व्यापारी आल्याआल्याच एकशिंगीच्या पाठीवर हात फिरवून गेला. "द्यायची काय, माय?" जाईबाई म्हणाल्या, "थांब. दुपारी सांगतो."

वच्छला रांगेत थांबली नाही. ती सरळ रागिणी मॅडमच्या टेबलाशी गेली आणि तिने मला कमरेतून काढून टेबलावर ठेवलं.

"मॅडम, मायी टेप दोन इंच खाल्लेली हाये. मले काल कळलं. फारमवर लिवलं थे खोटं हाये. सगळ्यातून दोन कमी करा."

मॅडमनी चष्मा वर केला. "कोणी खाल्ली?"

"हिनंच."

मॅडमनी एकशिंगीकडे पाहिलं. एकशिंगी फॉर्मच्या गठ्ठ्याकडे पाहत होती. मॅडमनी गठ्ठा उचलून मांडीवर घेतला. "तरीच! मागच्या पायांत आठ इंच वाचून मला वाटलं, ही बकरी आहे की टेबल?" त्या हसल्या. माझ्यात जीव असून नसल्यासारखा झाला होता.

त्यांनी स्वतःची टेप काढली. चपटी, स्टीलची, डबीत सुर्रकन जाणारी. माझ्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. मॅडम ती एकशिंगीच्या छातीला लावणार, एवढ्यात जाईबाई पुढे झाल्या, कोणी सांगितलं नसताना एकशिंगीच्या छातीभोवती वीत मारत गेल्या आणि म्हणाल्या, "पावनेचार वीत. तीस."

मॅडमनी मोजलं. तीस. मग मागचं अंतर, जाईबाई म्हणाल्या, "पाऊन वीत." मॅडमनी मोजलं. सहा.

"आजी, तुमची वीत आणि माझी टेप एकच बोलतात की!"

जाईबाईंनी पदर सारखा केला. मी एवढ्या वर्षांत त्यांना लाजताना पहिल्यांदा पाहिलं.

"मंग घरच्या दोघीतून मायी निवड चुकली, मॅडम?" वच्छलाने विचारलं.

"घरी दुसरी किती भरली होती?"

"तीस लिवली व्हती. म्हंजे अठ्ठावीस."

"मग कशी चुकेल? टेप खोटी होती, पण सगळ्यांशी सारखीच खोटी होती. जी दोन इंचांनी मोठी होती ती दोन इंचांनीच मोठी राहिली. आकडे चुकले, निवड नाही चुकली."

मित्रांनो, हे वाक्य मी जन्मभर विसरणार नाही. दोन वर्षं मी स्वतःला लबाड समजत होते. मी लबाड होते, पण मी भेदभाव कधी केला नव्हता.

मॅडमनी फॉर्मवर आकडे दुरुस्त केले. मग त्या खाली बसल्या, कास हाताने उचलून पाहिली, सड पाहिले, एकशिंगीला चार पावलं चालवलं. त्यांच्यासोबत दुसरे तपासनीस होते बुधाजी, पांढऱ्या मिशांचे, आयुष्यभर बकऱ्या राखलेले. ते एकशिंगीच्या समोर उभे राहिले आणि तिचं तोंड पाहून त्यांनी कपाळावर हात मारला.

"हे काय घेऊन आले, बाप्पा? शिंग एक, तोंड वाकडं. वलगावात याच्याहून बरी बकरी नाई काय? हिले नंबर देल्ला तं लोक हासतीन."

वच्छलाने तोंड उघडलं, पण तिच्याआधी जाईबाई बोलल्या.

"तोंड कायले पाहून राह्यले तुमी? दूध काय तोंडातून येते?"

बुधाजी दचकले. मैदानातली माणसं वळून पाहू लागली. जाईबाईंनी त्यांना हाताला धरून मागे नेलं.

"इकडं पाहा. मांगून पाहा. हे कास पाहा कशी धरेल हाये. पाचव्या येताले बी भुईले नाई लागाची. हे अंतर पाहा, पाऊन वीत. पाठ पाहा. तुमच्या मिशा पाहून तुमाले इथं बसवलं काय कोनं?"

वच्छला सासूकडे बघतच राहिली. दोन वर्षं जे शब्द तिने रोज गोठ्यात खर्च केले होते, ते सगळेच्या सगळे त्या तोंडातून बाहेर पडत होते, एकही न सांडता. तिला हसू येत होतं आणि ती रडत होती. घरातल्या बकरीला घरातल्यांनी नावं ठेवावीत, परक्याने नाही, हे जाईबाईंचं जुनं मत आहे.

पहिला नंबर अकोल्याकडच्या एका बकरीचा आला. मी पाहिली तिला. खरंच सरस होती, मला मान्य आहे. दुसरा नंबर एकशिंगीचा. बक्षीस म्हणून स्टीलची बादली मिळाली. टाळ्या वाजल्या, सर्वांत जोरात बुधाजींनी वाजवल्या. व्यापारी पुन्हा आला. "मंग, माय? देता?"

"बकरी इकाची नाई," जाईबाई म्हणाल्या. "जाय."

आता तुम्ही विचाराल, शेवंताचं काय झालं? शेवंता सुंदराबाईंनी घेतली. त्यांचा तिच्यावर आधीपासून डोळा होता. त्यांना दूध नको, देखणं तोंड हवं होतं, आणि भात पुन्हा सुरू केल्यामुळे त्या उदार झाल्या होत्या. ती कुंपणापलीकडेच बांधलेली असते, जाईबाई रोज जाऊन तिचे कान कुरवाळतात. तिला पुन्हा गाभण ठेवायची नाही, असं वच्छलाने सुंदराबाईंना समजावलं आहे.

आणि माझं? जत्रेहून आल्यावर जाईबाईंनी मला मागितलं. वच्छला घाबरली, कारण चूल पेटलेली होती. पण जाईबाईंनी तो उसवलेला राणी कलरचा ब्लाउज काढला, त्यातून एक पट्टी कापली, तिच्यावर आपली वीत ठेवली आणि वितीचे चार भाग करून एका भागावर खडूची रेघ मारली. "हे दोन इंच," त्या म्हणाल्या. "शिव रे, देवानंद. शिवाले तं येतेच तुले." देवानंदने मान खाली घालून शिवलं. वच्छला शेजारी उभी राहून त्याच्या हातावर लक्ष ठेवून होती. वर पुन्हा तीच पत्र्याची टोपी बसली.

आता मी परत साठ इंचांची आहे, मित्रांनो. अठ्ठावन्न पिवळे आणि दोन राणी कलरचे. वच्छला मापं घेते आणि जाईबाई शेजारी वीत मारतात. दोघींचं जमलं तर आकडा वहीत जातो, नाही जमलं तर पुन्हा मोजतात. मोनालीची गुलाबी टेप मला हसते, पण तिच्या अंगावर कोणाच्या सासूचा हात बसलेला नाही.

तुम्हाला एवढंच सांगते. घरातल्या मोजायच्या वस्तूंची काळजी घ्या. मोजायला लागण्याआधी पहिला आकडा जागेवर आहे ना, ते पाहा. चूक झाली तर ती शिवून झाकू नका, सांगून टाका. नाही तर ती कोणाच्या तरी कोपरात अडकते. आणि माझ्यासाठी कोणी एक काम करा. गोठ्यातली ती खुंटी दोन विती वर ठोका. कारण मी हे सांगत असताना एकशिंगी मागच्या दोन पायांवर उभी राहिली आहे, तिचे मागचे पाय अगदी मॅडमना हवे तसे मोकळे आणि मजबूत आहेत, आणि राणी कलर तिने अजून चाखलेला नाही.